एक हात जास्त

अमीनचाचा माझ्या क्लासात पहिल्यांदा आले तेव्हा बसण्याआधी त्यांनी टेबल वाजवून पाहिलं. दोन बोटं वाकवून टकटक केलं, कान जरासा तिरपा केला, "प्लायवूड" एवढंच म्हणाले आणि मग बसले. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडचं दार, फळा, खिडकीची चौकट, पाण्याचा माठ आणि एकदा एका विद्यार्थ्याचं हेल्मेटसुद्धा वाजवून पाहिलं. त्यातला फक्त माठ पास झाला.

मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ जर्मन शिकवते. पूर्वी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात जर्मन इंजिनिअर आले की दुभाषी म्हणून उभी राहायचे. आता नर्सिंग झालेल्या मुली तिकडे नोकरीला जायच्या म्हणून माझ्याकडे येतात. सकाळी दहा ते एक क्लास. त्याच वेळात, न कळवता, मिरजेहून एसटीने हा सत्तरी ओलांडलेला माणूस येऊन शेवटच्या बाकावर बसे. बारीक अंग, पांढरी टोपी, चष्म्याची तुटलेली काडी तानपुऱ्याच्या तारेने बांधलेली, आणि नखांत हाडाचा पांढरा भुगा. तीन पिढ्या तानपुरे आणि सतारी करणारं घर. चाचा स्वतः जवारीचे कारागीर.

जवारी म्हणजे काय हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. तानपुऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, त्या घोडीचा माथा कानशीने घासून असा तयार करतात की तार त्याला पुसटशी शिवत राहते. त्या शिवण्यातून तो भरलेला, घुमणारा आवाज येतो. कानशीचा एक फटकारा म्हणजे एक हात. एक हात कमी पडला तर आवाज कोंडतो, एक हात जास्त गेला तर भणभणतो. चाचांनी सगळी दुनिया याच मापाने मोजली होती. बडबड्या माणसाला ते खुल्या जवारीचा म्हणत. माझ्याबद्दल त्यांचं मत पहिल्याच दिवशी झालं होतं.

"बाई, तुमची जवारी बंद हाय. मनात असतंय त्ये भाईर येत न्हाई."

मला राग आला होता. पुढे काय झालं ते पाहता माणसाने बरोबर ओळखलं होतं म्हणायचं.

ते आले होते एक पाकीट घेऊन. जर्मनीहून मिरजेला आलेलं. त्यावर पत्ता धड नव्हता, नुसतं गल्लीचं नाव आणि 'तानपुरा करणारे'. आत एक इंग्रजी पत्र, एक जुना फोटो आणि एक जाडजूड जर्मन पुस्तिका. इंग्रजी वाचणारे मिरजेत पैशाला पासरी. पत्राचा मजकूर चाचांना कळला होता, पुस्तिकेसाठी ते माझ्याकडे आले होते. फोटोत दुकानाच्या पायरीवर तानपुरा घेऊन बसलेला एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगेला तरुण होता. ते स्वतः चाचा.

पुस्तिका होती 'त्सीगेलाय' नावाच्या एका बँडची. त्सीगेलाय म्हणजे वीटभट्टी. ही मंडळी एका बंद पडलेल्या वीटभट्टीत तालीम करायची म्हणून ते नाव. पन्नास वर्षांपूर्वीचा तो लांब केसांचा, तंद्रीत तासतास एकच सूर घोळवणारा रॉक. चार रेकॉर्डी काढल्या, भांडले, फुटले, लोक विसरले. आता तिकडच्या तरुण मुलांना ते पुन्हा सापडले होते. चारही रेकॉर्डी एका पेटीत नव्याने निघणार होत्या. बँडमधली उटे नावाची बाई, गाणारी आणि तानपुरा वाजवणारी, हयात होती. तिनेच पत्र लिहिलं होतं. आमच्या संगीताला ज्या तानपुऱ्याने आवाज दिला तो ज्याने घडवला त्याचं नाव आम्हाला पेटीवर छापायचं आहे, असा मजकूर.

मी मनापासून अभिनंदन केलं. क्लासातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"नाव नको म्हणावं. तानपुरा धाडा म्हणावं हिकडं. जवारी करून देतो. मग घाला काय नाव घालायचं त्ये."

मला वाटलं, म्हाताऱ्याला समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला तेव्हा ते म्हणाले, "आवं, चुकलेल्या कामावर नाव घालत्यात व्हय कुणी?"

मग ती हकिकत कळली. वडील भीमेकाठी भोपळे आणायला गेले होते. दुकानात चाचा एकटे. गल्लीत एक निळी गाडी येऊन थांबली, त्यातून चार गोरी माणसं उतरली, आणि निम्मी मिरज बघायला जमली. त्यांना तानपुरा हवा होता आणि संध्याकाळच्या आत निघायचं होतं. शेजारशेजारच्या दोन खुंट्यांवर तानपुऱ्यांची एक जोडी होती. तानपुरे जोडीनेच करतात, एकाच लाकडाचे, एकाच मापाचे. पण दोन्हींची जवारी व्हायची होती. घरचा नियम असा की शेवटचा हात वडिलांचा. त्यांनी तार छेडून "जा" म्हटल्याशिवाय वाद्य उंबरा ओलांडत नसे.

"म्या म्हटलं, मला काय येत न्हाई व्हय? बसलो घासायला. गर्दी बगाय लागली, तसा हात सुटला. एक हात जास्त गेला. कळलं मला. कानाला कळलं तवाच. तार छेडली तर भांड्यात भुंगा पडल्यावानी आवाज."

त्यांचा गिटारवाला, रुडी नावाचा, तो आवाज ऐकून दुकानाच्या पायरीवर डोळे मिटून बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. चाचांनी ती घोडी फेकून नवी करायला हवी होती, त्याला अर्धा दिवस लागला असता. पण समोरचा रडतोय म्हटल्यावर चाचांनी तानपुरा बांधून दिला. गाडी गेली.

दोन दिवसांनी वडील आले. जोडीतला एक तानपुरा नाही हे पाहून त्यांनी एकच विचारलं, "कुणी ऐकला?" वडिलांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. गेलेल्या तानपुऱ्याची खुंटी मात्र त्यांनी रिकामी ठेवली. वाद्य परत येऊन नीट होईपर्यंत तिथे दुसरं काही लावायचं नाही. वडील गेले, दुकानाला नवं छत पडलं, भिंतींना तीनदा रंग लागला, आणि खुंटी रिकामीच राहिली. परदेशी चाललेल्या कुठल्याही गवयाला वडील निरोप द्यायचे, जर्मन दिसला तर तेवढा तानपुरा परत आणायला सांगा. लोक हसायचे. चाचा त्या खुंटीखाली बसून पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या जवाऱ्या करत राहिले.

आता उटेला उत्तर लिहायचं माझ्याकडे आलं. मी लिहायला बसले आणि माझी जवारी बंद झाली. त्या बाईला मी कसं कळवणार, की तुमच्या आयुष्याचा जो आवाज आहे ती एका पोराच्या हातून झालेली चूक आहे? म्हणून साखर घातली. 'आपलं नाव छापू नये अशी उस्तादांची विनम्र विनंती आहे. वाद्य पुन्हा एकदा पाहायला मिळालं तर त्यांना आनंद होईल.' चूक हा शब्द कुठेच नाही. चाचांनी सही केली, पाकीट वाजवून पाहिलं, आणि टपालात टाकायला स्वतः गेले.

उत्तर येईपर्यंत ते येत राहिले. आम्ही ती पुस्तिका वाचायचो. क्लास संपल्यावर मी मराठीत सांगत जायचे आणि इंटरनेटवर सापडलेली एकेक रेकॉर्ड माझ्या लहानशा स्पीकरवर लावायचे. मला ते संगीत सहन होत नसे. एकेक गाणं वीस मिनिटं. चाचा मात्र स्पीकरला कान लावून, भुवया आवळून, डॉक्टरने छाती तपासावी तसे ऐकत.

पहिल्या रेकॉर्डीत तानपुराच नव्हता. ती मिरजेला येण्याआधीची. "ह्यात आपलं काय न्हाई. फुडं चला."

दुसरी लागली आणि त्यांनी दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती भणभण. पुस्तिकेत लिहिलं होतं की या अद्भुत नादाने जर्मनीतल्या श्रोत्यांना वेड लावलं, तो नाद कुठल्या यंत्राने काढला याबद्दल वर्षानुवर्षं वाद झाले. मी ते वाचून दाखवलं. चाचा म्हणाले, "यंत्र बिंत्र न्हाई. ह्यो म्या हाय. येडा."

तिसऱ्या रेकॉर्डीबद्दल पुस्तिकेत पानंच्या पानं होती. बँड इथे परिपक्व झाला, नाद खोल आणि शांत झाला, ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी वगैरे. चाचांनी पाचेक मिनिटं ऐकलं. त्यांचा चेहरा प्रथमच सैल झाला.

"हितं जरा बरी हाय. तारंनीच घासून घासून जाग्यावर आणलीया. मंडळी मुरली न्हाईत बाई, घोडी झिजली."

चौथी रेकॉर्ड शेवटची. पुस्तिकेनुसार ती थकलेली, चिडलेली. रुडीचं म्हणणं होतं की उटे मन लावून वाजवत नाही, सूर फाटतो. उटेचं म्हणणं होतं की रुडीचं ऐकणं बिघडलं. एका पावसाळी मैदानात कार्यक्रम चालू असताना रुडी व्यासपीठावरून खाली उतरला तो परत आला नाही. पुढे तो वारला. दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत.

मी वाचायची थांबले. चाचा स्पीकरकडे बघत होते.

"खाचा पडल्यात. तारंनी घोडीला खाचा पाडल्यात, म्हणून करकर आवाज येतोय. दोन-चार वर्सांनी जवारी परत करून घ्याया लागती. त्या पोरीचा काय दोष न्हाई."

"तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं? की परत करून घ्यावी लागते?"

"आमच्यात कुणी सांगत न्हाई बाई. गवई आपणच येतोय. वाद्य घेतलं म्हंजी येतोयच." स्पीकर बंद करून ते म्हणाले, "अर्ध्या दिसाचं काम व्हतं. अर्ध्या दिसापायी मोडली की मंडळी."

त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. एसटीला अजून तास होता तरी निघून गेले.

उटेचं उत्तर महिन्याभराने आलं. मजकूर फार प्रेमळ. तुमच्या विनयाने आम्ही भारावून गेलो, आमच्याकडे आता असा विनय उरलेला नाही, वगैरे वगैरे. तानपुरा नाजूक आहे, पाठवता येणार नाही. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चूक लिवली का न्हाई तुमी?"

मी खरं सांगितलं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "म्या घोडी बिगाडली, तुमी चिट्टी बिगाडली."

मी दुसरं पत्र लिहिलं, सरळ. एक हात जास्त गेला होता, जवारी चुकली होती, दुरुस्त करणं त्यांच्यावर बाकी आहे, तोवर नाव छापू नये. उटेने दोन ओळी लिहिल्या. 'त्यांना सांगा, त्यात काहीही चुकलेलं नाही. ती चूक असेल तर आम्ही सगळेच ती चूक आहोत.' नावाबद्दल अक्षर नाही.

आता तानपुरा येत नाही म्हटल्यावर चाचांनी घोडी पाठवायचं ठरवलं. पण तार लागल्याशिवाय जवारी होत नाही. त्या जोडीतला दुसरा तानपुरा सांगलीत गाणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे होता, वडिलांनी स्वतः शेवटचा हात देऊन विकलेला. चाचा रोज मिरजेहून सांगलीला जाऊन त्यांच्या ओसरीवर तो तानपुरा पुढ्यात घेऊन बसले. हात कापायला लागला होता, म्हणून दिवसाला दोन-तीन हातच घासायचे. पंधरा दिवस लागले. त्या बाई मला फोनवर म्हणाल्या, "अहो, माझे विद्यार्थी गाणं सोडून त्यांच्याकडे बघत बसतात. त्यांना न्या बाई आता."

टपालाने घोडी दोनदा परत आली. हाडाची वस्तू, कसलं हाड, कशाचं प्रमाणपत्र, असे शिक्के मारून. शेवटी माझी विद्यार्थिनी प्राजक्ता, कोरेगावची, तिकडच्या एका रुग्णालयात रुजू व्हायला निघाली, तिने कागदपत्रांची पूर्तता करून आपल्या सामानातून ती नेली. सोबत सुताचे चार दोरे, तारांखाली सरकवून आवाज खुलवायला. पहिल्या सुट्टीच्या दिवशी ती आगगाडीने उटेच्या गावी गेली आणि तिथून तिने व्हिडिओ कॉल लावला.

इकडे माझ्या क्लासात चाचा नवा सदरा घालून बसले होते. पडद्यावर एक उंच म्हातारी, पांढरी वेणी खांद्यावर. तिने हात जोडले. चाचांनी सलाम केला. मग तिने जुन्या घोडीवर तारा छेडल्या. करकर, भणभण, दोन्ही एकदम. चाचांनी डोळे मिटून मान फिरवली.

"सांगा त्यास्नी, तारा सैल करा म्हणावं."

प्राजक्ताने तारा सैल केल्या, जुनी घोडी काढली, नवी बसवली. चाचा इथून हाताने दाखवत होते आणि मी मध्ये बसून इकडचं तिकडे करत होते. दोरे सरकवले. सूर लावायला बराच वेळ गेला. मग उटेने पहिली तार छेडली.

मला गाण्यातलं काही कळत नाही. पण माझ्या त्या स्वस्त स्पीकरमधूनसुद्धा खोली भरून गेली. मुली लिहायच्या थांबल्या. चाचांचे ओठ हलत होते. नंतर त्यांनी सांगितलं की ते वडिलांच्या वतीने "जा" म्हणत होते.

उटे बराच वेळ वाजवत राहिली. मग तिने तार तळहाताने थांबवली आणि म्हणाली की हे फार सुंदर आहे, पण हा आमचा आवाज नाही. रुडी याला ओळखणार नाही. आणि तिने तारा सैल करायला घेतल्या.

मी गप्प बसले. पुन्हा तीच सवय. पण भाषांतराची गरजच नव्हती, चाचांना दिसत होतं. तिने नवी घोडी काढून रुमालात गुंडाळली आणि जुनी बसवली.

"तिला चौथ्या रेकॉर्डीचं सांगा," चाचा म्हणाले. "तिचा दोष नव्हता म्हणावं. खाचा पडल्या व्हत्या."

ते मी सांगितलं, शब्द न् शब्द. उटे तानपुऱ्यावर कपाळ टेकून बसली. प्राजक्ताने फोन बंद केला.

मला वाटलं होतं, निदान एवढ्यावर तरी ते मिटेल. पण दोन महिन्यांनी पेटी आली. चार रेकॉर्डी, जाड पुठ्ठा, वर त्या निळ्या गाडीचं चित्र. आणि मागे, सर्वांत खाली, चाचांचं पूर्ण नाव. माझं पहिलं पत्र मिळालं त्याच आठवड्यात मागची बाजू छापायला गेली होती, असं उटेने सोबत लिहिलं होतं. तुमची विनंती मोडल्याबद्दल क्षमा करा, पण असा विनय आम्हाला झाकून ठेवता आला नाही. नावाच्या आधी त्यांनी एक विशेषण जोडलं होतं. माझंच.

पेटी घेऊन मी मिरजेला गेले. पाठवून देता आली असती, पण ते तोंड चुकवणं झालं असतं. दुकानात चाचा चटईवर बसले होते, पुढ्यात कुणाची तरी घोडी. त्यांनी पेटी वाजवून पाहिली. उलटी केली. आपलं नाव त्यांना रोमन अक्षरांत वाचता येत होतं. त्याच्या आधीच्या शब्दावर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"विनम्र," मी म्हणाले. "मिरजेचे विनम्र उस्ताद."

त्यांनी बोट उचललं नाही. मला ते बघवेना. भिंतीवर ओळीने तानपुरे होते आणि मध्ये ती रिकामी खुंटी. रेकॉर्डीच्या पेटीला धरायला पट्टी होती. काहीतरी चांगलं करावं म्हणून मी पेटी उचलली आणि खुंटीकडे गेले.

"तितं न्हाई, बाई."

मी पेटी परत दिली. त्यांनी ती मांडीवर पालथी ठेवली, चष्मा सरळ केला आणि पुढ्यातली कानस घेतली. मी म्हणाले, चाचा, असू द्या, बाकीच्या सगळ्या पेट्यांवर ते आहेच. जगभर गेलंय ते. ते ऐकत नव्हते. त्यांनी कानस आडवी धरून नावावरून एक हात फिरवला. थांबले, बोटाने चाचपून पाहिलं, फुंकर मारली. मग दुसरा हात. उजव्या हाताचं मनगट त्यांनी डाव्या हाताने धरलं होतं. आधी माझं विशेषण गेलं, मग त्यांचं नाव, मग गावाचं नाव. बराच वेळ लागला. बाहेर गल्लीत कुणीतरी सतार जुळवत होतं.

ती माझी त्यांची शेवटची भेट. पुढच्या हिवाळ्यात ते गेले, आणि मला ते प्राजक्ताकडून, म्हणजे जर्मनीहून कळलं. घरच्यांनी उटेला कळवलं होतं, तिने प्राजक्ताला फोन केला होता. खुंटीचं काय झालं ते विचारायची मला अजून हिंमत झालेली नाही.

पण त्या दिवशी शेवटी त्यांनी पेटी उजेडाकडे धरली. नाव होतं तिथे पांढरा, गुळगुळीत पट्टा होता. खालचा पुठ्ठा कुठेही फाटला नव्हता, वरच्या ओळीला ओरखडा नव्हता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, मग माझा हात धरून माझा अंगठा फिरवायला लावला.

"बगा," ते म्हणाले. "एक हात बी जास्त गेला न्हाई."